डॉक्टर रेने लेनेक आणि अंगावरचे तीळ

डॉक्टरांच्या गळ्यातील नळी पाहिली नाही असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच सापडेल. छातीवर टेकवून आतील आवाज ऐकण्याचे हे साधन, म्हणजे स्टेथोस्कोप, ज्याने शोधून काढले तो फ्रान्स देशातील डॉक्टर रेने लेनेक होय. या शोधाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच्या बारा वर्षे आधी, विद्यार्थिदशेत असतानाच, त्याने एका घातक रोगाची ओळख जगास करून दिली होती, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. हा रोग कधी अंगावरच्या तिळातून उद्भवतो, तर कधी नव्या तिळाचे रूप घेऊन येतो. यास्तव लेनेकच्या चरित्राबरोबर तिळाची परीक्षा कशी करावी, हेही येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लेनेक याचा जन्म ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई क्षयरोगाने वारली. पुढे बाराव्या वर्षी तो नाँत शहरी आपल्या चुलत्याकडे राहावयास गेला. हा चुलता नामांकित वैद्य होता. फ्रान्समध्ये त्या वेळी राज्यक्रांतीची धामधूम चालू असून शहरातील रुग्णालये जखमी शिपायांनी भरून गेली होती. अशा दिवसांत, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, लेनेक चुलत्याच्या हाताखाली रुग्णांची शुश्रूषा करू लागला. प्रकृतीने तो किरकोळ होता, परंतु अभ्यासाची चिकाटी दांडगी होती. बासरी वाजविण्याचा व लाकूड कातून वस्तू करण्याचाही त्यास नाद होता.

१८०१ साली तो पॅरिस येथे गेला आणि नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याच्याजवळ शिकू लागला. १८०३ साली वैद्यक व शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत त्याने पहिले बक्षीस मिळविले. रोगी जिवंत असताना दिसलेली लक्षणे बारकाईने टिपून ठेवावयाची, आणि तो दगावल्यास शवविच्छेदन करून आत काय बिघडले होते ते त्या टिपणाशी ताडून पाहावयाचे, अशी त्याची अभ्यासाची रीत होती.

अशी विच्छेदने करीत असता काही शवांच्या फुप्फुसादी अवयवांत त्यास काळ्याकुट्ट गाठी आढळल्या. श्वासनलिकेजवळच्या ग्रंथी पुष्कळ माणसांत काळ्या पडतात, हे वैद्यांस ठाऊक होते. पण या गाठी त्या जातीच्या नव्हेत, हा एक निराळाच रोग आहे, असे लेनेकने ताडले. १८०४ साली पॅरिसच्या वैद्यक विद्यालयापुढे त्याने आपला अभ्यास मांडला व १८०६ साली तो छापून प्रसिद्ध झाला. काळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने या रोगास मेलानोझ असे नाव दिले. त्याच शब्दापासून आजचे मेलानोमा हे नाव आले आहे. त्याच्या शिक्षकांपैकी एक, दुप्वित्राँ, यास मात्र या शोधाचे श्रेय आपले आहे असे वाटले आणि त्यावरून उभयतांत वितुष्ट आले. तथापि लेनेकने आपले काम सोडले नाही.

१८१६ साली नेकर रुग्णालयात असताना त्याने एका तरुण स्त्रीच्या हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी कागदाची गुंडाळी करून तिच्या छातीवर धरली, आणि कान लावून ऐकण्यापेक्षाही आवाज स्पष्ट ऐकू आल्याचे पाहून तो चकित झाला. मग त्याने लाकडाची नळी स्वतः कातून तयार केली. लहानपणचा नाद असा कामी आला. तीन वर्षे शेकडो रोग्यांच्या छाती तपासून १८१९ साली त्याने आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. श्रमाने त्याची प्रकृती ढासळली होती. १८२६ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती पुरी करून तो ब्रिटनीस परतला. तेथे त्याच्या पुतण्याने त्याच्याच नळीने त्याची छाती तपासली तेव्हा ज्या क्षयाने आई गेली होती, तोच त्यासही जडला असल्याचे दिसून आले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले.

क्षय ओळखण्याचे साधन त्याने जगास दिले, परंतु क्षयावर औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते. उलट, ज्या काळ्या रोगास त्याने नाव दिले, तो वेळीच ध्यानात आल्यास लहानशा शस्त्रक्रियेने बहुधा बरा होतो. लेनेकने तो पाहिला मृतांच्या शरीरात. आपण मात्र तो जिवंतपणी, वरच्या कातडीवरच, साध्या डोळ्यांनी पाहू शकतो. १८२० साली इंग्लंडात नॉरिस नावाच्या डॉक्टराने अशा एका रोग्याची हकीकत लिहिली. त्या रोग्याचा बापही तशाच रोगाने वारला होता आणि मुलांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते. रोग काही घराण्यांत चालत येतो, हा तर्क तेथून निघाला. आणि १९७८ साली अमेरिकेतील डॉ. क्लार्क व त्यांचे सहकारी यांनी अशा घराण्यांतील विलक्षण तिळांचे सविस्तर वर्णन केले.

साधा तीळ लहान, एकरंगी व रेखीव कडेचा असतो. विलक्षण तीळ बहुधा पाच मिलिमीटरांहून मोठा, कडेला पुसट आणि तपकिरी, गुलाबी अशा मिश्र रंगांचा असतो. असे बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवी राहतात. म्हणून भिण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या अंगावर ते अनेक आहेत, अथवा ज्याच्या आप्तांस मेलानोमा झाला होता, त्याने डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. पुढील पाच खुणा सर्वांनीच ध्यानात ठेवाव्या : तिळाचे दोन अर्ध सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे, रुंदी सहा मिलिमीटरांहून अधिक असणे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिळात बदल होत जाणे.

डॉक्टर अशा तिळाची प्रकाशयुक्त भिंगाने तपासणी करतात. संशय राहिल्यास ती जागा बधिर करून, शक्य तेव्हा संपूर्ण तीळ भोवतालच्या अरुंद पट्टीसह काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मेलानोमा निघाल्यास तो कातडीत किती खोल गेला हे मोजून भोवतालचा आणखी भाग काढतात. खोली थोडी असल्यास रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. रोग शरीरात पसरल्यावर मात्र उपाय कठीण असतो. तरी शरीराची प्रतिकारशक्ती जागृत करणारी जी औषधे २०११ सालापासून मिळू लागली, त्यांनी अनेकांचे आयुष्य वाढविले आहे.

आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा रोग विरळा. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली होतो, आणि काटा रुतला असेल, ठेच लागली असेल, असे समजून दुर्लक्षिला जातो. सावळ्या माणसाच्या नखावर काळी रेघ असणे हे नेहमीच रोगाचे लक्षण नव्हे. परंतु नवी उमटलेली व रुंद होत जाणारी रेघ, किंवा तळपायावरचा वाढता काळा डाग, डॉक्टरांस अवश्य दाखवावा. आपल्याकडे तिळास भाग्याचे चिन्ह मानून त्याकडे कौतुकाने पाहतात, नाही तर केस बांधून अथवा चुना लावून तो घालविण्याचा घरगुती उपाय करतात. पहिल्या प्रकाराने वेळ जातो. दुसऱ्याने जखम होते आणि खरा रोग झाकला जातो.

मुलांनो, लेनेकजवळ मोठी यंत्रे नव्हती. होती ती डोळस दृष्टी आणि दोन वस्तू ताडून पाहण्याची सवय. तिचा उपयोग आपण घरच्या घरी करू शकतो. महिन्यातून एकदा न्हाण्याच्या वेळी आपले तळपाय व नखे पाहावी, आणि आजीआजोबांची नजर मंद झाली असल्यास त्यांची आपण पाहावी. पालकांसही आमची हीच विनंती आहे. काही बदल दिसल्यास तो लपवू नये, त्यावर घरगुती उपचार करू नये, आणि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.