वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिवैज्ञानिक व कर्करोग-संशोधक होते. भारतातील आधुनिक विकृतिविज्ञानाचे, म्हणजे ज्याला सर्वसामान्यपणे पॅथॉलॉजी म्हटले जाते त्या शास्त्राचे, जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. शरीराच्या अनपेक्षित जागी उद्भवणाऱ्या गाठींचा संबंध रुग्णाच्या राहणीशी व सवयींशी जोडून दाखवणे, हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य होय. कवी व कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर ऊर्फ आरती प्रभू यांच्याशी आडनावसाधर्म्यामुळे त्यांची गल्लत होऊ नये.

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये विकृतिविज्ञान या विषयात एम.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून काम केले.

आज परळलाच नव्हे, तर कळव्यासारख्या ठिकाणच्या महापालिका रुग्णालयातही गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. गाठ साधी आहे की मारक, हे या तपासणीनेच ठरते व पुढील उपचार त्यावर अवलंबून असतात. तथापि काचपट्टीवरील पेशी नेहमीच सर्व काही सांगत नाहीत. हाडांतील गाठींचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गाठ कोणत्या हाडात व हाडाच्या कोणत्या भागात आहे, रुग्णाचे वय काय, क्ष-किरण चित्रात काय दिसते, हे जाणून घेतल्याशिवाय केवळ पेशी पाहून मत दिल्यास साधी गाठ मारक ठरण्याचा अथवा मारक गाठ साधी समजली जाण्याचा धोका असतो. निदानात गाठीच्या जागेला असलेले हे महत्त्व खानोलकरांनी कर्करोगाच्या क्षेत्रात आणखी पुढे नेले. गाठ याच जागी का उद्भवली, असा प्रश्न त्यांनी विचारला.

टाटा स्मारक रुग्णालय

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. एकाच रोगाचे इतके रुग्ण एका छताखाली येण्याची ही संधी अपूर्व होती. मुंबई हे नाना प्रांतांच्या, धर्मांच्या व चालीरीतींच्या लोकांचे शहर असल्यामुळे तुलना करण्यासाठी वेगळे काही शोधावे लागत नव्हते.

मुखाचा कर्करोग येथे आढळतो तितका युरोपात का आढळत नाही, हा प्रश्न प्रथम पुढे आला. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा लेख १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूचा विडा ज्या गालात दाबून ठेवण्याची सवय, त्या गालाच्या आतील अस्तरावर व्रण, असा मेळ अशा रुग्णांत आढळे. बिहारकडे तंबाखू व चुना यांची मळलेली खैनी खालच्या ओठामागे ठेवण्याची रीत आहे. तेथे रोग ओठ व हिरडी यांमधील खाचेत होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशेषतः स्त्रियांमध्ये, चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढली जाते आणि मग टाळूवर, एरवी क्वचितच रोग होतो अशा जागी, कर्करोग दिसतो. तीनही ठिकाणी पदार्थ तंबाखूच आहे. तो ठेवण्याची वा ओढण्याची रीत बदलली की रोगाची जागा बदलते.

धोतराचा कर्करोग

बी. सूर्याबाई यांच्यासह खानोलकरांनी १९४५ मध्ये लिहिलेल्या लेखात रूढींशी निगडित अशा कर्करोगाच्या, भारतात आढळलेल्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन आहे. धोतराचा कर्करोग हा त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध प्रकार. गोऱ्या वर्णाच्या लोकांत त्वचेचा कर्करोग बहुधा उन्हात उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यावर व हातांवर होतो. येथे मात्र तो कमरेवर, वस्त्राने सदैव झाकलेल्या भागी, होत होता. धोतर जेथे घट्ट खोचले जाते तेथे वर्षानुवर्षे घर्षण होते, त्यात घाम व उष्मा यांची भर पडते. त्वचेचा रंग जातो, ती जाड व खरखरीत होते, पुढे न भरणारी जखम होते आणि क्वचित प्रसंगी तिचे कर्करोगात रूपांतर होते. सुरुवातीचा फिकट पट्टा निरुपद्रवी वाटतो व कोड समजून सोडून दिला जाण्याचा संभव असतो. रुग्ण कोणते वस्त्र नेसतो व ते कसे बांधतो, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. परकराच्या नाडीमुळे स्त्रियांच्या कमरेवर होणाऱ्या अशाच कर्करोगाच्या नोंदी नंतरच्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

या विचाराला पूर्वपरंपरा होती. लंडनमधील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषावरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये शेगडीसारखी कांगडी पोटाशी धरल्याने पोटाच्या व मांडीच्या त्वचेवर होणारा कर्करोगही ठाऊक होता. खानोलकरांचे वेगळेपण असे की, त्यांनी अशा सुट्या नोंदींना पद्धतशीर अभ्यासाचे रूप दिले. एखाद्या समाजात रोग अधिक दिसला की त्याचे खापर वंशावर फोडणे सोपे असते. कारण सवयीत असेल, तर मात्र रोग टाळता येतो. एल. डी. संघवी आदी सहकाऱ्यांसह तंबाखू ओढणे व खाणे यांच्या परिणामांवर त्यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख प्रसिद्ध केला. इतक्या आधी दिलेला हा इशारा समाजाने फारसा मनावर घेतला नाही, असेच म्हणावे लागते.

इतर संशोधन

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील ऊतकांचा त्यांनी केलेला अभ्यास १९५१ मध्ये प्रकाशित झाला. मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या आनुवंशिक लक्षणांचा संघवींसह केलेला अभ्यास १९४९ चा आहे.

संस्थात्मक कार्य व सन्मान

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व खानोलकर त्याचे संचालक झाले. पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या कमल रणदिवे यांनी पीएच.डी.चे संशोधन त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केले. १९६६ मध्ये ही संस्था व टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

भारतीय विकृतिवैज्ञानिक व सूक्ष्मजीववैज्ञानिक संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवरही त्यांनी काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला व राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची जी संशोधन संस्था आहे, तिच्या एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव आहे.