मेंदूच्या शिवाराचा मोजणीदार

मंचरच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम, मग खडक. कुठे मातीचा थर हातभर, कुठे पुरुषभर. थर पाहूनच शेतकरी पीक ठरवतो. मेंदूच्या सुरकुतलेल्या सालीलाही असेच थर असतात. त्या थरांवरून गट पाडून त्यांना क्रमांक देणारे मोजणीदार म्हणजे जर्मन डॉक्टर कोर्बिनियान ब्रोडमान.

जन्म १८६८ चा, लिगर्सडॉर्फ या खेड्यातला. १८९५ साली वैद्यकीचा परवाना मिळाला आणि पाठोपाठ घटसर्पाने गाठले. हवापालटासाठी ते आलेक्झांडर्सबादला गेले. तिथे ऑस्कर फोग्ट भेटले आणि आयुष्याची वाटच बदलली. पुढे फ्रँकफुर्टला आलॉइस आल्झायमर यांच्या हाताखालीही ते राहिले. विस्मृतीच्या आजाराला नाव मिळाले ते याच आल्झायमरांचे.

१९०१ पासून बर्लिनमध्ये फोग्ट यांच्याकडे खरे काम सुरू झाले. मेंदूचे केसाहून पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी न्याहाळायच्या. माणसाचा मेंदू, माकडाचा, सशाचा, कांगारूचाही! साल जेमतेम दोन ते साडेचार मिलिमीटर जाडीची, पण तिच्यात बहुतेक ठिकाणी सहा थर. डोक्याच्या मागच्या बाजूला, क्रमांक १७ मध्ये, चौथा थर चांगला भरदार. डोळ्यांकडून येणारे संदेश प्रामुख्याने इथेच उतरतात. क्रमांक ४ मध्ये हा थर जवळपास नाहीसा, उलट पाचव्यात मोठाल्या पेशी. त्यांचे लांबच लांब तंतू मज्जारज्जूपर्यंत जाऊन हातापायांना हलवतात. आवक कुठे आणि जावक कुठे, हे बांधणीच सांगत होती.

१९०९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. क्रमांक ५२ पर्यंत गेले होते; माणसाच्या नकाशात मात्र मधले काही गाळलेले आहेत. एवढे करूनही बर्लिनच्या वैद्यक विद्याशाखेने अध्यापनाच्या अधिकारासाठी त्यांनी दिलेला प्रबंध नाकारला. विद्वानांच्या दरबारातही मानापमान असतातच! १९१० मध्ये ते ट्युबिंगेनला गेले, नंतर हाले येथे. १९१७ साली, वयाच्या अठ्ठेचाळिशीत, लग्न झाले, मुलगी झाली. १९१८ मध्ये म्युनिकच्या नव्या मनोविकार संशोधन संस्थेत मनाजोगी जागा मिळाली. संसार आणि काम दोन्ही एकदमच मार्गी लागले म्हणायचे.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला, जंतुसंसर्ग रक्तात भिनून ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. लेक वर्षाचीही नव्हती.

२०१६ साली संशोधकांनी मेंदूच्या एकेका अर्ध्या भागात १८० विभाग मोजले. तरी डॉक्टरांच्या बोलण्यात १७ आणि ४ हे जुने क्रमांक अजूनही येतात.