राणीछाप रुपयाचा विद्यार्थी

हुपरीत वाढलेल्या माणसाला जुन्या रुपयाचे वजन वेगळे शिकवावे लागत नाही. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे घडवणाऱ्या आमच्या गावात राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, हा हिशेब लहानपणीच कानावर पडतो. इंग्रजांनी १८३५ साली कायदा करून रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरवले. त्यात १६५ ग्रेन चांदी, म्हणजे बारा भागांत अकरा भाग. बाकीची भेसळ. मुशीत घालायचा असेल तर याहून जास्त माहिती लागत नाही! पण हा रुपया इंग्रजांनी कसा चालवला, कुणाच्या सोयीने चालवला आणि त्याचा भुर्दंड कुणाला बसला, हा सारा इतिहास लंडनच्या विद्यापीठात बसून लिहून काढला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. घटनेचे शिल्पकार म्हणून, दलितांचे कैवारी म्हणून बाबासाहेब घराघरांत पोहोचले आहेत. ब्रिटिश कारभाराच्या जमाखर्चाची चोपडी उलगडून बसलेला विद्यार्थी मात्र थोडा मागेच राहिला. चांदीच्या गावचा असल्यामुळे म्हणा, मला तो विद्यार्थी फार जवळचा वाटतो.

या अभ्यासाची सुरुवात झाली अमेरिकेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र होतेच. १९१५ साली त्यांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या जमाखर्चावर प्रबंध लिहिला. ज्या राज्याखाली आपण राहतो त्याची वही आधी तपासावी, ही त्यांची पद्धत तेव्हापासूनची.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. विद्यापीठाने एवढीच सवलत दिली, की चार वर्षांच्या आत परत या. त्यातच महायुद्ध चाललेले. पुस्तकांचे सामान ज्या बोटीने पाठवले, ती पाणतीराने बुडाली. पुस्तकांसाठी पोट मारणाऱ्या माणसावर हा केवढा घाव असेल!

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली ती १९१८ च्या नोव्हेंबरात. पगारातून पैसा पैसा बाजूला टाकणे सुरू झाले. परळच्या चाळीत रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या. लंडनचे चार वर्षांचे घड्याळ तिकडे टिकटिकत होतेच.

याच काळात बाबासाहेब आमच्या मुलखात आले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. माणगाव आमच्याच हातकणंगले तालुक्यातले, त्या वेळी ते कागल जहागिरीत होते. अध्यक्ष होते जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब. राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी भर सभेत लोकांना सांगितले. आमच्या भागात ही परिषद सर्वांना ठाऊक आहे. पण हा तरुण अध्यक्ष त्याच वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायला निघाला होता, हे कितीजणांच्या ध्यानात असते? साठवलेले पैसे, नवल भथेना या मित्राचे कर्ज आणि महाराजांची मदत एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये त्यांनी लंडनची बोट धरली.

तिथला दिनक्रम कडक होता. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात सरकारी अहवाल वाचत बसायचे. १९२१ साली एम.एस्सी. झाली. मग मोठा प्रबंध हाती घेतला, त्याचा विषय रुपयाचा प्रश्न.

हा प्रश्न काय होता? १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन, किरकोळ खर्च देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. नाणे आणि धातू यांचे मोल एकच. पण १८७१ नंतर जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोन्याची कास धरली आणि चांदी घसरली. दोन शिलिंगांचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकार इथल्या शेतकऱ्याकडून सारा घेई चांदीत आणि विलायतेतले पेन्शन, कर्जाचे व्याज भागवी सोन्यात. ओझे वाढत चालले, तेव्हा २६ जून १८९३ रोजी लोकांसाठी टांकसाळी बंद झाल्या. रुपयाचे मोल आता त्यातली चांदी ठरवीना, ते सरकार ठरवू लागले. पुढे महायुद्धात चांदी इतकी कडाडली, की १९२० च्या सुमारास रुपया चालवण्यापेक्षा आटवण्यात फायदा दिसू लागला! हे आमच्या पेठेतल्या माणसाला उदाहरण देऊन सांगायला नको.

केन्ससारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली या व्यवस्थेची भलावण केली होती. बाबासाहेबांनी तिच्यावरच बोट ठेवले. सरकारला हवे तेवढे रुपये पाडण्याची मुभा असली की भाव वाढतात आणि मरतो तो गरीब, असे त्यांचे म्हणणे. म्हणून टांकसाळ जनतेला बंद तशी सरकारलाही बंद असावी आणि चलनाला ठाम मर्यादा असावी, असा उपाय त्यांनी सुचवला. साम्राज्याच्या राजधानीत बसून हे लिहायला छाती लागते.

प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. त्याच्या पाच महिने आधी, ६ मे रोजी, शाहू महाराज गेले होते. परीक्षकांना टीका झोंबली आणि फेरलेखन करायला सांगण्यात आले. पैसे संपलेले, म्हणून बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले आणि इथूनच सुधारलेला मजकूर पाठवला. सुधारला म्हणजे भाषा थोडी निवळली, निष्कर्ष तेच राहिले. नोव्हेंबरात प्रबंध मान्य झाला आणि वर्ष संपता संपता पुस्तकही निघाले. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना सगळी मते पटली नव्हती, तरी प्रस्तावना त्यांचीच आहे. मला हे कौतुकाचे वाटते.

१९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी चलनावर साक्ष दिली. १९४७ साली त्या पुस्तकाची नवी आवृत्ती पहिला खंड म्हणून निघाली, १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात यायचा होता. त्याच वर्षी २९ ऑगस्टला ते घटनेच्या मसुदा समितीवर गेले. दुसरा खंड लिहायचा राहून गेला.