खटल्यापलीकडच्या डॉ. रखमाबाई

गेल्या वर्षी पहिल्या सत्रात आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात प्रकल्पांचे विषय वाटले. कुणाला किल्ले मिळाले, कुणाला सत्यशोधक समाज मिळाला. माझ्या चिठ्ठीवर ‘रखमाबाई खटला’ असे लिहिलेले होते. खरे सांगायचे तर मी हिरमुसले. कोर्टकचेरीची मला हौस नाही. पण चिठ्ठी बदलून मिळणार नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसून टिपणे काढू लागले.

आठ-दहा पुस्तके चाळल्यावर एक गोष्ट खटकू लागली. बहुतेक ठिकाणी रखमाबाई १८८८ साली संपतात. खटला मिटतो, पान उलटते आणि पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा सुरू होतो. पण बाई तर त्यानंतर ६७ वर्षे जगल्या! मग त्या करीत काय होत्या?

हा प्रश्न मला अधिक टोचला, त्याला घरचे एक कारण होते. त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण बारावीनंतर नर्सिंगलाच जायचे म्हणून हटून बसली होती आणि आमची आजी तितकीच हटून नको म्हणत होती. आमची आत्या तालुक्याच्या गावी नर्स होती. रात्रपाळीची नोकरी म्हणून तिची तीन स्थळे परत गेली, हे आजी अजून विसरलेली नाही. आजारी पडल्यावर सर्वांना नर्सबाई हवी असते. सून म्हणून मात्र ती नको असते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा, सुतार समाजातला. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला मुभा होती, त्यामुळे काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हा गृहस्थ मला फार आवडला. पेशाने डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. रखमाबाईंनी वैद्यक प्रथम पाहिले ते कॉलेजात नव्हे, या सावत्र वडिलांच्या घरात.

तरीही वयाच्या अकराव्या वर्षी, रिवाजाप्रमाणे, त्यांचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लागले. मुलगी वयात आल्यावर तिला लगेच सासरी धाडण्यास सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. कोवळ्या वयात मातृत्व लादण्याचे परिणाम ते डॉक्टर म्हणून जाणत होते. जावयाने शिकून सवरून कर्ते व्हावे ही त्यांची अपेक्षा होती. ती काही पुरी झाली नाही. दादाजी मामाच्या आश्रयाने राहिले आणि रखमाबाई माहेरी राहून मिशनच्या वाचनालयातली पुस्तके आणून घरीच शिकत राहिल्या. सासू-सुनांच्या भांडणाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, पण हे भांडण निराळे. एक जण शिकत होती, दुसरा शिकायला तयार नव्हता.

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. पत्नीला आपल्या घरी नांदायला पाठवावे, अशी मागणी होती. रखमाबाईंचे उत्तर सरळ होते. जे लग्न आपल्याला कळत नसताना लावले गेले, ते आपण मानीत नाही. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात ‘हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर त्यांची पत्रे आली आणि गहजब झाला. प्रकरण अपिलात गेले, पुन्हा उभे राहिले, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. बाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

केसरीसह पुण्याच्या सनातनी पक्षाने बाईंवर टीकेची झोड उठवली. धर्म बुडाला असा सूर होता. गंमत अशी की पत्नीला कोर्टामार्फत नांदायला लावण्याची ही तरतूद आपल्या कोणत्याही स्मृतीतली नव्हे. ती आली इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून. आणि खुद्द इंग्लंडने त्यासाठीची तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच रद्द केली होती. म्हणजे धर्मरक्षणासाठी जे हत्यार उपसले गेले ते परदेशी, आणि तिकडे टाकून दिलेले!

तारखांची वही चाळताना मी एका ठिकाणी थबकले. डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी. फॅरनसाहेबांचा हुकूम त्यानंतर सहाव्या दिवशी सुटला. फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन आलेली, एकविसाव्या वर्षी, इथे डॉक्टरकी सुरू करण्याआधीच गेलेली ती मुलगी. आणि इकडे तुरुंगाच्या दारात उभी असलेली, रखमाबाई नावाची बावीस वर्षांची दुसरी. आनंदीबाईंचे राहिलेले काम पुढे हिने करावे, असे त्या आठवड्यात कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

बाई तुरुंगात गेल्या नाहीत. पण त्या खटला जिंकल्या असे जे सैलपणे लिहिले जाते तेही बरोबर नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी कधीच केले नाही. कायद्याने त्यांना मोकळे केले नाही. त्यांनी आपली मोकळीक पैसे मोजून घेतली, आणि मग ती सार्थकी लावायची कशी हा प्रश्न उरला.

इथे मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांचे नाव घेतलेच पाहिजे. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश घेणाऱ्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळूनही बाई म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली आणि शेवटी त्या विद्यापीठाची पदवीही मिळाली नाही. अशा बाईला रखमाबाईंची बाजू समजावून सांगावी लागली नसेल. त्यांनी धीर दिला, पैसा उभारायला मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. रोग्यांच्या खाटेजवळचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलात. घरी शिकलेल्या मुलीला शरीररचना आणि रसायन परक्या भाषेत, परक्या थंडीत पाठ करताना काय पडले असेल, याची कल्पना परीक्षेच्या आदल्या रात्री आपणा सर्वांना थोडीफार येते. १८९४ साली त्या एडिंबरा आणि ग्लासगोच्या वैद्यकीय संस्थांच्या परीक्षा उतरल्या आणि त्याच वर्षी ब्रुसेल्सची एम.डी. घेतली. ज्या एडिंबरा शहराने पीचीबाईंना परत पाठवले, त्याच शहराचे प्रमाणपत्र त्यांच्या या शिष्येच्या हाती पडले. चरित्र वाचताना अशा जागी मला मनापासून बरे वाटते.

१८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या. पुरुष डॉक्टरपुढे नाडीसाठी मनगटही पुढे न करणाऱ्या बायका त्या काळी घरोघरी होत्या. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली आणि सुईणीचे न धुतलेले हात. अडलेली बाई घरात मेली तरी चालेल, पण दवाखान्यात नको, कारण दवाखाना म्हणजे मरायला जायची जागा, ही समजूत. अशा वेळी रखमाबाईंनी दवाखान्याच्या आवारात अडलेल्या शेळीची सुटका केली आणि ती पाहून बायका धीर करून येऊ लागल्या, अशी एक गोष्ट चरित्रांतून सांगितली जाते. गोष्ट खरी असो, रचलेली असो, तीत दवाखान्याचे मर्म आले आहे. औषधाच्या आधी विश्वास बसावा लागतो. माझी आत्याही हेच म्हणते. लसीची पेटी घेऊन वस्तीत गेल्यावर पहिला अर्धा तास चहा आणि चौकशीत घालवावा लागतो, मगच बाया पोरे पुढे करतात.

त्यांच्या सुरतेच्या काळातच प्लेग आला आणि १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळही. माणसे गाव सोडून पळत होती, बाई दवाखान्यात होत्या. दोन दशके सुरतेत काढल्यावर १९१८ च्या सुमारास सरकारी स्त्रीवैद्यक सेवेत येण्याचे बोलावणे त्यांनी नाकारले आणि राजकोटच्या झनाना इस्पितळाचे काम पत्करले. सगळी मिळून सुमारे पस्तीस वर्षांची सेवा. या वर्षांत सांगण्याजोगे नाट्य फारसे नाही. सकाळी रोगी, दुपारी रोगी, रात्री बाळंतपणे. पुस्तके इथे का थांबतात ते आता मला कळते. पण ज्या बायकांची त्यांनी सुटका केली त्यांच्या लेखी खटला तो किती आणि या रात्री केवढ्या!

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. जे लग्न मानले नाही, त्याचे वैधव्य मानले? आमच्या वर्गात यावर तासभर वाद झाला. कुणी म्हणाले, पदर सोज्वळ असल्याशिवाय पडद्यातल्या घरांचे दरवाजे उघडत नव्हते. कुणी म्हणाले, शेवटी संस्कार सुटत नाहीत. मला पहिले पटते, पण पुरते नाही. पुढे १९२९ साली याच बाईंनी पडदापद्धती बंद करावी म्हणून लेख लिहिला. माणूस एका रेषेत चालत नाही, आणि चरित्रकाराने त्याला ओढून सरळ करू नये.

निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार केल्यावर, त्यांचे निधन झाले.

माझा प्रकल्प सरांनी पुन्हा लिहायला लावला, कारण खटल्याला मी दोनच पाने दिली होती आणि दवाखान्याला नऊ. ती नऊ पाने मी एका रविवारी घरी मोठ्याने वाचली. आजी तांदूळ निवडत ऐकत होती. शेळीच्या गोष्टीला ती हसली. मग तिने आत्याला फोन लावायला सांगितले आणि नर्सिंगच्या वसतिगृहात मुलींना जेवण कसे मिळते याची बराच वेळ चौकशी केली. बहिणीचा अर्ज त्याच आठवड्यात गेला.

प्रकल्प मी दुसऱ्यांदा लिहिला, तेव्हा कायद्याच्या भागात एक ओळ नव्याने घातली. रखमाबाई वारल्या त्याच वर्षी, चार महिने आधी, १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्याच्या नवव्या कलमात, जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा तोच जुना दावा, आता नवरा-बायको दोघांनाही खुला करून, ठेवलेला आहे. तो आजही आहे.