करवतीचे दाते आणि लायडनचा प्राध्यापक

छातीत धडधड होते म्हणून सिल्लोडहून किंवा पैठणहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आलेल्या माणसाची नाडी मिनिटाला १५० आणि तीही अगदी नियमित लागली, तर ती भीतीने वा तापाने वाढली असावी असे प्रथमदर्शनी वाटते. खरे काय याचा निवाडा ईसीजीची कागदी पट्टी करते. त्या पट्टीवरील लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे देणारे विलेम आइन्टहोवेन हे वस्तुतः शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि रुग्णालयात त्यांचे फारसे जाणेयेणेही नव्हते.

२१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग येथे, तत्कालीन डच वसाहतीत, त्यांचा जन्म झाला. डॉक्टर असलेले वडील लवकर वारले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन हॉलंडमधील उट्रेख्टला परतली. शिक्षणाचा खर्च झेपावा म्हणून पुढे वसाहतीत वैद्यकीय नोकरी करण्याच्या अटीवर विलेम यांनी १८७८ मध्ये वैद्यकाला प्रवेश घेतला. परंतु वयाच्या पंचविसाव्या वर्षीच लायडन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले आणि जावाची वाट कायमची सुटली.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म वीज निर्माण होते, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या शरीरावरून नोंदवून दाखविले होते. मात्र त्यांचे पाऱ्याचे यंत्र मंद होते. रुग्णालयात या आलेखाचा फार उपयोग होईल, असे खुद्द वॉलर यांनाही वाटत नव्हते. आइन्टहोवेन यांनी प्रथम गणिताच्या साहाय्याने त्या यंत्राची चूक दुरुस्त केली. नंतर यंत्रच बदलले. शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला, केसाहूनही बारीक असा स्फटिकाचा धागा त्यांनी ताणून बसविला. वीज वाहताच धागा हले आणि त्याची सावली छायाचित्रपट्टीवर उमटे. हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते व ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत.

असे धूड रुग्णाकडे नेता येईना आणि रुग्णही प्रयोगशाळेत येईनात. तेव्हा १९०५ मध्ये दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयापासून टेलिफोनची तार टाकून हृदयाची वीजच प्रयोगशाळेत आणण्यात आली. १९०६ च्या निबंधात त्यांनी जे विकृत आलेख छापले, त्यांत अलिंदांच्या फडफडीचा, म्हणजे फ्लटरचाही आलेख होता. स्वतंत्र विकार म्हणून त्याचे सविस्तर वर्णन एडिंबरोच्या जॉली व रिची यांनी १९११ च्या सुमारास केले.

या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, मिनिटाला सुमारे ३०० वेळा आकुंचन पावतात. विजेची लाट बहुधा उजव्या अलिंदात गोल फिरत राहते. खालच्या निलयांपर्यंत प्रत्येक ठोका पोहोचत नाही, आणि तेच रुग्णाचे नशीब. दोनांतला एक पोहोचला तर नाडी १५०, चारांतला एक पोहोचला तर ७५. दुसऱ्या, तिसऱ्या व एव्हीएफ लीडमध्ये मधली रेषा सपाट न राहता करवतीच्या दात्यांसारखी दिसते. पण गती १५० असताना एक दाता टी लहरीत वा मुख्य ठोक्यात लपतो आणि ओळखीत येथेच गफलत होते. ॲडिनोसिन दिले की खाली पोहोचणारे ठोके काही क्षण विरळ होतात. विकार सहसा त्याने थांबत नाही, पण दाते उघडे पडतात. निदान चुकले तर अलिंदात गुठळी धरून ती मेंदूत जाण्याचा, पक्षाघाताचा धोका राहतो.

आइन्टहोवेन यांना व्यवहार मात्र फारसा फळला नाही. म्युनिकच्या एडेलमान कारखान्याने यंत्रामागे स्वामित्वधन कबूल केले आणि पुढे ते देणे थांबविले. १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्यांनी मात्र निम्मी रक्कम आपल्या दिवंगत साहाय्यकाच्या बहिणींना दिली, असे सांगतात. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्येच त्यांचे निधन झाले.

ते यंत्र आज खांद्यावरच्या पिशवीत मावते आणि तालुक्याच्या गावातून पट्टीचे छायाचित्र क्षणात शहरातील तज्ज्ञाच्या मोबाइलवर येते. यंत्र स्वस्त झाले. वाचणारी नजर तशी झालेली नाही. यंत्र स्वतःच पट्टीच्या माथ्यावर निदान छापते, आणि १५० गतीच्या फ्लटरला कधी कधी साधी जलद गती म्हणून मोकळे होते. अशा वेळी रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरला दोन ठोक्यांमधले अंतर कर्कटकाने मोजून, बरोबर मध्यावर दुसरा दाता दडला आहे काय, हे स्वतःच पाहावे लागते.