झेरॉक्सचे जनक : चेस्टर कार्लसन

शाळा, न्यायालय, तहसील कचेरी किंवा बँक यांच्या आसपास छायाप्रती काढून देणारे एखादे दुकान बहुधा असतेच. गुणपत्रिका असो, शिधापत्रिका असो वा जमिनीचा उतारा असो. त्याची हुबेहूब प्रत तेथे काही क्षणांत हाती पडते. भारतात या प्रतीला ‘झेरॉक्स’ असेच म्हटले जाते. वास्तविक झेरॉक्स हे एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे. ज्या शोधावर ही कंपनी मोठी झाली, त्याचे बीज मात्र एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेत पडले नव्हते. ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात पडले. या शोधाचे जनक होते चेस्टर फ्लॉइड कार्लसन.

कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात झाला. त्यांचे वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत; परंतु क्षय आणि संधिवात या आजारांमुळे ते काम करण्यास असमर्थ झाले. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात राहू लागले. चेस्टर लहानपणापासूनच मिळेल ते काम करू लागला आणि चौदाव्या वर्षी घराचा मुख्य आधार बनला. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने दगावली. त्याने काही काळ एका छापखान्यात काम केले. विज्ञानाची आवड असलेल्या सोबत्यांसाठी एक छोटे नियतकालिक छापण्याचाही त्याने प्रयत्न केला. शब्द कागदावर उतरवणे किती कष्टाचे असते, याचा अनुभव त्याला तेव्हाच आला.

परिस्थिती प्रतिकूल असूनही कार्लसन यांनी शिक्षण सोडले नाही. आलटून पालटून काम आणि अभ्यास करीत त्यांनी महाविद्यालयीन शिक्षणास आरंभ केला आणि १९३० साली भौतिकशास्त्राची पदवी मिळवली. त्या वेळी अमेरिकेत महामंदी सुरू झाली होती. त्यांनी ऐंशीहून अधिक कंपन्यांकडे अर्ज केले. पण एकीनेही नोकरी दिली नाही. अखेर न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले व तेथेच ते पेटंट विभागात गेले. १९३३ साली ही नोकरीही सुटली. त्यानंतर विजेच्या साहित्याचे उत्पादन करणाऱ्या एका कंपनीच्या पेटंट विभागात ते रुजू झाले.

नव्या शोधावर शोधकर्त्याला ठरावीक काळापुरता जो कायदेशीर हक्क मिळतो, त्याला पेटंट म्हणतात. या कामात वर्णनपत्रे आणि आकृत्या यांच्या अनेक प्रती लागत. कार्बन कागद वापरला, तरी प्रती मूळ मजकूर टंकलिखित करतानाच निघत. आधीच तयार असलेल्या कागदाची प्रत हवी असल्यास तो पुन्हा टंकलिखित करून ताडून पाहावा लागे; आकृत्यांची छायाचित्रे बाहेरून काढून आणावी लागत. यात वेळ आणि पैसा दोन्ही जात. १९३६ पासून कार्लसन रात्रीच्या वर्गात कायद्याचे शिक्षण घेऊ लागले. कायद्याची महाग पुस्तके विकत घेणे त्यांना परवडत नव्हते. म्हणून ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून पुस्तकांतील उतारे हाताने लिहून काढीत. लिहिता लिहिता हात दुखून येत. कार्यालयातील प्रत्येक टेबलाजवळ ठेवता येईल असे प्रती काढणारे यंत्र असावे, हा विचार त्यांच्या मनात अधिकच पक्का झाला.

त्यांनी लगेच हत्यारे हाती घेतली नाहीत. प्रथम वाचन केले. हे ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले होते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते तेथे तांत्रिक नियतकालिके, ग्रंथ व संशोधनपर लेख चाळीत. कोणी काय केले आहे आणि कोणती वाट अद्याप मोकळी आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. रसायनांच्या साहाय्याने छायाचित्रे काढण्याच्या क्षेत्रात मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा पूर्वीपासून काम करीत होत्या. तेथे आपला निभाव लागणार नाही, हे ओळखून त्यांनी ती वाट सोडून दिली. शोध घेताना पाल सेलेनी या हंगेरियन शास्त्रज्ञाचे स्थिर विद्युतभार व चित्रनिर्मिती यांविषयीचे लेखन त्यांच्या वाचनात आले. काही पदार्थांवर प्रकाश पडला की त्यांतून वीज वाहू लागते, या गुणधर्माचा प्रती काढण्यासाठी उपयोग होईल, असे त्यांना वाटले. प्रयोग पूर्णपणे यशस्वी होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९३७ मध्ये, त्यांनी पेटंटसाठी अर्ज दाखल केला.

घरच्या स्वयंपाकघरातील प्रयोगांमुळे गंधकाचा उग्र वास पसरू लागला, तेव्हा त्यांनी अ‍ॅस्टोरिया या भागात एक खोली भाड्याने घेतली. ओटो कोर्नी हे ऑस्ट्रियातून आलेले भौतिकशास्त्रज्ञ त्यांना साहाय्य करीत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युतभार निर्माण केला. काचपट्टीवर शाईने ती तारीख व अ‍ॅस्टोरिया हे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि त्यावर दिव्याचा प्रकाश पाडला. प्रकाश पडलेल्या जागेचा विद्युतभार निघून गेला. अक्षरांच्या सावलीखाली तो टिकून राहिला. मग काचपट्टी उचलून पत्र्यावर बारीक भुकटी टाकली आणि फुंकर मारली. अक्षरांच्या जागी भुकटी चिकटून राहिली! मेणकागद दाबून ती अक्षरे कागदावर उतरवण्यात आली.

यानंतरचा काळ मात्र कसोटीचा होता. १९३९ ते १९४४ या काळात वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. कार्बन कागद असताना अशा यंत्राची गरज काय, हे अनेकांना उमगत नव्हते. १९४२ साली मुख्य पेटंट मिळाले, तरी गिऱ्हाईक नव्हते. १९४४ साली ओहायोतील बॅटेल या संशोधनसंस्थेने हे काम पुढे नेण्याचे मान्य केले. रॉचेस्टर येथील हॅलॉइड ही छायाचित्रणाचा कागद बनवणारी लहान कंपनी त्या वेळी नव्या व्यवसायाच्या शोधात होती. तिचे संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर यांना तांत्रिक लेखांचे सारांश वाचताना कार्लसन यांच्या शोधाची माहिती मिळाली. ज्या मार्गाने शोधकर्त्याला कल्पना सापडली, त्याच मार्गाने उद्योगाला शोधकर्ता सापडला. १९४७ च्या आरंभी करार झाला. ‘कोरडे’ आणि ‘लेखन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून या पद्धतीचे ‘झेरोग्राफी’ असे नामकरण झाले. १९५९ साली साध्या कागदावर प्रती काढणारे ‘९१४’ हे यंत्र बाजारात आले. ९ इंच रुंद व १४ इंच लांब कागदापर्यंत प्रत निघे, म्हणून हे नाव. त्याला अफाट यश लाभले. १९६१ साली कंपनीने झेरॉक्स हे नाव धारण केले.

कार्लसन अतिशय श्रीमंत झाले. पण त्यांची राहणी साधीच राहिली. काम सोडून गेलेल्या कोर्नी यांना त्यांनी कृतज्ञतेने कंपनीचे शंभर समभाग पाठवले. सुमारे १० कोटी डॉलर त्यांनी दान केले आणि त्यांतील पुष्कळसे दान नाव प्रकट न करता दिले. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

आज भारतासह अनेक देशांच्या पेटंट कार्यालयांतील दस्तऐवज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात लहान उद्योजकांसाठी स्वतंत्र व्यवसाय केंद्र चालते. माहिती मिळवण्याची साधने बदलली. परंतु भांडवल गुंतवण्यापूर्वी त्या क्षेत्रात कोणी काय केले आहे, हे चिकाटीने शोधण्याची कार्लसन यांची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. खिशात पैसा नसलेल्या माणसालाही ही रीत अवलंबता येते, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.