कै. सर दोराबजी टाटा : हयातीतच पुरे केलेले दान

सर दोराबजी टाटा यांचा जन्म मुंबईस १८५९ साली झाला. केंब्रिजचा विद्याभ्यास, परतल्यावर काही काळ वृत्तपत्रातील उमेदवारी आणि मग वडील जमशेटजींच्या पेढीत प्रवेश, हा पूर्ववृत्तांत बहुश्रुत आहे. जमशेटजींनी योजिलेली पोलाद कंपनी १९०७ साली उभी राहिली ती दोराबजींच्या कारकीर्दीत. १९२४ साली ती बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा त्यांनी सुमारे एक कोटीची खासगी मालमत्ता, पत्नी लेडी मेहेरबाई यांच्या जडजवाहिरासह, बँकेकडे तारण ठेविली.

जून १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. अपत्य नव्हते, दोराबजींची सत्तरी उलटली होती. अशा वेळी दानाची इच्छा पुष्कळ धनिकांस होते, आणि बहुधा इच्छाच राहते. दोराबजींनी ११ मार्च १९३२ रोजी न्यासपत्र करून, टाटा सन्सच्या शेअर्ससह, जवळजवळ सर्वस्व विश्वस्तांच्या स्वाधीन केले.

ज्यांच्या घरी कंपन्यांचे शेअर्स आहेत अशा सभासदांनी यातील मर्म जाणावे. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात टॉमस मेडली नामक गृहस्थाने १८५२ साली बँकेचे ५० शेअर्स नात्यातील एका मुलीच्या हितार्थ दुसऱ्या गृहस्थाकडे विश्वस्त म्हणून देण्याचा दस्त केला. हस्तांतर मात्र बँकेच्या वहीत नोंद होऊनच व्हावयाचे होते. ती नोंद झालीच नाही, आणि मेडली वारला. १८६२ साली इंग्लंडच्या न्यायालयाने मुलीविरुद्ध निर्णय दिला. मेडलीने हे शेअर्स आजपासून मीच तिच्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करितो, असे प्रकट केले असते, तर न्यास टिकला असता. त्याला द्यावयाचे होते दुसऱ्याच्या हाती, आणि तेथे त्याच्याकडून व्हावयाचे कृत्य अपुरे राहिले. अपुऱ्या दानास न्यास म्हणवून न्यायालय ते पुरे करून देत नाही. दस्तावर सही झाली म्हणून निश्चिंत होणारी किती तरी मंडळी आपणांत असतील!

दोराबजी एप्रिलात युरोपास निघाले. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचा अंत झाला. न्यासपत्रास अवघे ८४ दिवस झाले होते. त्या न्यासाच्या द्रव्यातून १९३६ साली समाजकार्याची शिक्षणसंस्था निघाली, आणि १९४१ साली परळ येथे कर्करोगाचे रुग्णालय उघडले.